पांढऱ्या रेघेच्या अलीकडं

"ताई, आज कुठवर?" विहीणबाईंनी विचारलं. हातात कालव्याचा नकाशा आणि कानामागं पेन्सिल.

मी पाणी गाळत होते. बोटीतलं स्वयंपाकघर इतकं अरुंद, की एक जण वळला तर दुसऱ्यानं श्वास धरून थांबायचं. गाळायचं फडकं मी सांगलीहून बरोबर नेलं होतं. त्यातून शेवटचा थेंब पडेपर्यंत मी उत्तर दिलं नाही.

"सोळाव्या लॉकपर्यंत," मी म्हटलं.

"सोळाव्या?" त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. "पण गाव एकविसाव्याच्या पुढं आहे. सन्मती म्हणत होता, आज तिथंच मुक्काम करू."

"नियम घेऊन झाला."

"मग झालं तर." त्यांनी सोळाच्या आकड्याभोवती गोल काढला आणि पेन्सिल परत कानामागं खोवली. "त्या पोरीला फोन करून सांगते, उद्या येतो म्हणून. तिनं काही आजच तांदूळ भिजवले नसतील."

त्या गावात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहायची. विहीणबाई मालवणच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या बाई होत्या. त्या विद्यार्थिनीनं आम्हा सगळ्यांना त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी सोळा म्हटलं होतं, पण ते तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. माझा मुलगा सन्मती तेव्हा इंग्लंडात नोकरीला होता. सून प्रणिता, तिला सातवा महिना. दोघांच्याही आया एकाच वेळी तिकडं गेलेल्या. सन्मतीचे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती; प्रणितालाही वडील नव्हते. त्यांच्या घरात जास्तीची खोली एकच, आणि तीही कपाटाएवढी. महिनाभर आम्ही दोघी विहिणी तिथं कशाबशा मावलो. पण बाळंतपणाला दोघींपैकी एकच राहणार होती, आणि कोण ते ठरायचं होतं. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईचं, हे मलाही कळत होतं. पण सन्मती माझा एकुलता एक. त्यानं एकदा, नुसतं एकदा, "आई, तूच राहा" म्हणावं, म्हणून मी तो महिना त्याच्या तोंडाकडं बघत काढला.

मग त्यानं आठ दिवसांसाठी ही बोट भाड्यानं घेतली. लांबलचक, एसटीच्या गाडीपेक्षाही लांब आणि निम्म्यानं अरुंद. आत झोपायला, शिजवायला, सगळं. माणूस चालेल तेवढ्याच वेगानं ती कालव्यातून जायची. वाटेत जमीन उतरती आली की लॉक यायचा. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजातल्या झडपा वाकड्या हँडलनं वर उचलायच्या. पाणी निघून जातं आणि बोट पाण्याबरोबर खाली खाली जाते. मग पुढचे दरवाजे उघडून बाहेर पडायचं. पाण्याचा जिनाच म्हणा.

पहिल्याच दिवशी सन्मतीनं आम्हा दोघींना काठावर उभं करून सगळं समजावलं होतं.

"ही पांढरी रेघ बघा," तो म्हणाला होता. हौदाच्या भिंतीवर, मागच्या दरवाजापासून चारेक हातांवर, रंगानं एक जाड रेघ मारलेली होती. "या रेघेखाली पाण्यात दगडी उंबरा आहे. आता दिसत नाही, पाणी उतरलं की वर येतो. बोटीचा मागचा भाग कायम रेघेच्या पुढं ठेवायचा. मागं राहिला तर तो उंबऱ्यावर अडकतो, पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो, आणि दोन-तीन मिनिटांत बोट बुडते. दरवर्षी कुणाची तरी बुडते."

"कळलं," विहीणबाई म्हणाल्या. "सुकाणू दे हिकडं."

त्या दिवसापासून सुकाणू त्यांच्याकडं. त्यांचं माहेर गाबितांचं, किनाऱ्यावरचं. वडिलांची होडी होती. बासष्टाव्या वर्षी पदर कमरेला खोचून त्या बोटीच्या शेपटाशी उभ्या राहायच्या आणि ते एवढं लांब धूड वळणावर अलगद वळवायच्या. काठानं कुत्री घेऊन फिरणारे गोरे म्हातारे त्यांना हात करायचे. त्या "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग, काय म्हणतंय तुमचं कुत्रं?" असं सगळं एका दमात म्हणायच्या आणि ते लोक हसायचे.

सन्मतीही हसायचा. त्याचे वडील गेल्यापासून मी त्याचं तसं हसणं ऐकलं नव्हतं.

"आई, बघ ना, मम्मी कशी वळवतात ते," तो मला म्हणायचा. प्रणिता आईला मम्मी म्हणते, म्हणून तोही.

"बघतेय की," मी म्हणायचे.

त्यांचा दोष काढावा तर सापडत नव्हता. मासळीवर वाढलेल्या बाईनं माझ्यासाठी आठ दिवस बोटीत कांदा-लसूणसुद्धा येऊ दिला नाही. माझं जेवण सूर्यास्ताआधी व्हायचं म्हणून त्या सूर्याकडं माझ्याआधी बघायच्या. माझ्या रोजच्या नियमांचीही त्यांनी पहिल्याच दिवशी नीट चौकशी केली होती. सकाळी आम्हा जैनांचं सामायिक, म्हणजे ध्यान, झालं की मी दिवसाचे नियम घेते: आज किती पदार्थ खाणार, कोणत्या वाहनात बसणार, कुठवर जाणार. जी हद्द घेतली, तिच्यापलीकडं सूर्य मावळेपर्यंत पाऊल टाकायचं नाही.

"आणि पलीकडून कुणाला काही आणायला सांगितलं तर?" त्यांनी विचारलं होतं.

"तेही नाही. हद्दीपलीकडं माणूस पाठवायचा नाही, वस्तू मागवायची नाही. पलीकडच्याला हाक मारायची नाही, खुणावायचं नाही. मग हद्द घेऊन उपयोग काय?"

"माझी बोलतीच बंद झाली असती हो," त्या म्हणाल्या होत्या. "मी मालवणातून हाक मारली की देवबागेत माणूस ओ देतो."

प्रणिता हसून हसून पोट धरून बसली होती. मीही हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी नकाशा घेऊन यायला लागल्या. आज कुठवर, ताई? माझी हद्द ऐकून त्या सगळ्यांचा दिवस आखायच्या. कुणाची कुरकुर नाही. माझ्या पोटच्या मुलाला जे कधी सुचलं नव्हतं ते यांना सुचलं होतं, आणि त्याचंही मला बरं वाटण्याऐवजी डाचत होतं.

आदल्या संध्याकाळी मी आत जपाला बसले होते. वर डेकवर सन्मती आणि विहीणबाई. खिडकी उघडी होती.

"मम्मी, तुम्ही असलात ना की मला प्रणिताची काळजीच वाटत नाही," तो म्हणाला.

"ताईंना विचार आधी. त्यांना राहायचं असेल."

"आईला कुठं झेपतंय? तिचं सगळं वेळेवर लागतं. तिचं तिला सुखानं करू दे."

माझ्या हातातली माळ तिथंच थांबली. वाईट काही बोलला नव्हता तो. माझ्या काळजीनंच बोलला होता. पण रात्रभर मला तेच एक वाक्य ऐकू येत राहिलं. आणि सकाळी डोळे मिटून, हात जोडून, मी सोळाव्या लॉकपर्यंतचा नियम घेतला.

बारापासून एकवीसपर्यंत दहा लॉक ओळीनं होते, टेकडीच्या उतारावर. एकेक उतरत सोळाव्याला आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो. ऊन छान होतं. सन्मती काठावर उतरला. माझ्या मनात होतं, आता बोट इथंच बांधतील, जेवण इथं, आणि संध्याकाळपर्यंत सगळे माझ्याजवळ बसतील. तिकडं सूर्य मावळायचा साडेनऊला.

पण लॉकच्या वरच्या अंगाला बोट बांधायला मनाई होती. तशी पाटीच होती.

"बांधायची जागा खालच्या अंगाला आहे," सन्मती म्हणाला. जरा वैतागला होता, पण आवाज चढवला नाही. "आई, लॉकपर्यंत म्हणजे नेमकं कुठपर्यंत? या दरवाजापर्यंत की त्या?"

खरं तर हद्द आधी ठरवायची असते, मागाहून नव्हे. मी सकाळी नुसता आकडा घेतला होता. आता सगळे माझ्याकडं बघत होते, तेव्हा नजरेसमोर जे आलं ते मी दाखवलं.

"त्या पांढऱ्या रेघेपर्यंत."

"बरं. मग तू रेघेच्या अलीकडं थांब. आम्ही बोट खाली उतरवतो, बांधतो, आणि मी तुला खुर्ची आणून देतो."

"पलीकडून खुर्ची चालायची नाही रे त्यांना," विहीणबाई सुकाणूवरून म्हणाल्या. "आत्ताच दे काढून."

त्याच्या लक्षात नव्हतं, त्यांच्या होतं. सन्मतीनं घडीची खुर्ची काढून दिली. प्रणिता बोटीतून डोकावून म्हणाली, "आई, खालच्या दुकानात पाव मिळतो म्हणे, मी चालत जाऊन आणते." आणि पर्स शोधायला आत गेली. मी खुर्ची घेऊन मागच्या दरवाजापाशी काठावर उभी राहिले. बोट आत आली. सन्मतीनं दरवाजे लावले आणि हँडल घेऊन पळत पुढच्या टोकाला गेला. पन्नास-साठ हात लांब.

बोट पुढच्या दरवाजावर आदळू नये म्हणून विहीणबाईंनी इंजिन जरासं उलटं टाकलं होतं. एरवी त्या लगेच गिअरचा खटका मधे आणायच्या, की बोट जागच्या जागी राहायची. त्या दिवशी तो पुरता मधे आला नव्हता. सन्मतीनं पहिली झडप उचलली, मग दुसरी. पुढं पाण्याचा धबधबा सुरू झाला. आणि बोट, अगदी हळू, माझ्याकडं सरकायला लागली.

आधी तिचं शेपूट रेघेच्या पुढं होतं. मग रेघेवर आलं. मग अलीकडं.

पाणी उतरत होतं. काळा, शेवाळलेला दगडी उंबरा वर येत होता, आणि सुकाणूचं लोखंडी पातं त्याच्यावर येऊन टेकलेलं मला स्पष्ट दिसत होतं. विहीणबाईंना दिसणं शक्य नव्हतं. ते त्यांच्या पायाखाली, मागं होतं. त्यांनी एकदा मान वळवून वर माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. त्या हसल्या आणि परत पुढं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. मनातल्या मनात. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न गाळता, पूर्ण म्हटला.

तो संपायच्या सुमाराला लोखंड दगडावर करकरलं. बोटीचं नाक खाली गेलं. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ प्रणिताची किंकाळी. ती दुकानात गेलीच नव्हती. पर्स शोधता शोधता दमून आत आडवी झाली होती.

मी साठ वर्षांत कधी कुणावर ओरडले नव्हते. शाळेत असताना बाई म्हणायच्या, ही मुलगी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात बोलते. त्या दिवशी माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मला ओळखता आला नाही.

"सन्मती, पाणी बंद कर. बंद कर पाणी."

त्यानं वर बघितलं. एका क्षणात झडपा खाली पाडल्या. मग काठानं धावत माझ्या अंगाला आला आणि मागच्या दरवाजाच्या झडपा उघडल्या. वरचं पाणी आत शिरलं, हौद भरायला लागला. तिरकी झालेली बोट काही वेळ तशीच अडकून राहिली आणि मग एक हिसका देऊन उंबऱ्यावरून सुटली. विहीणबाई सुकाणूला दोन्ही हातांनी मिठी मारून होत्या. सुटल्याबरोबर त्या आत धावल्या.

प्रणिता कॉटवरून घसरून खाली पडली होती. कोपर खरचटलं होतं. पोटाला लागलं नव्हतं असं ती म्हणत होती, पण रंग पांढराफटक पडला होता. सन्मतीनं फोन करून टॅक्सी बोलावली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. जाताना त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"आई, तू नियम मोडलास," तो म्हणाला. "तू हाक मारली नसतीस तर..."

"जा लवकर," मी म्हटलं.

मग आम्ही दोघीच उरलो. पाठीमागून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं बोट खाली उतरवून बांधून दिली. मी रेघेच्या अलीकडंच खुर्चीवर बसून होते. विहीणबाई खालच्या काठावर, बोटीशेजारी. मधे तो रिकामा हौद. दुपारी एकच्या सुमाराला त्या पायऱ्या चढून माझ्याजवळ आल्या आणि गवतावर बसल्या.

"काही खाल्लं नाहीत."

"आज उपास. नियम मोडला ना."

"मलाही काही जात नाही," त्या म्हणाल्या.

त्या हातातलं गवत सोलत होत्या. मी जप करायला माळ काढली, पण सुरुवात होईना.

तीन वाजता फोन वाजला. विहीणबाईंनी घेतला. "हां... हां... ठोके नीट आहेत ना? हालचाल? बरं, बरं." त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मला खुणेनंच सांगितलं, सगळं ठीक आहे. मी हात जोडले.

मग त्या फोनवर म्हणाल्या, "सन्मती, ऐक. मी मघापासून हाच विचार करतेय. बाळंतपणाला ताईंना ठेव. नाही, माझं ऐक आधी. ज्या बाईनं माझ्या लेकीसाठी आपला नियम मोडला, तिच्यापरीस जास्त कोण करणार प्रणिताचं? मी बारशाला येईन. घे, बोल आईशी."

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

"आई," सन्मती म्हणाला. "राहशील ना गं?"

महिनाभर ज्या वाक्यासाठी मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, ते हे वाक्य.

"तुम्ही आधी परत या," मी म्हटलं आणि फोन त्यांना दिला.

विहीणबाईंनी पदरानं तोंड पुसलं. आता त्यांना बोलावंसं वाटत होतं.

"चूक माझीच, ताई. खटका नीट बघायला पाहिजे होता. एवढी वर्षं होडीत काढली आणि इथं येऊन..." त्यांनी मान हलवली. "मला मागचं काही दिसतच नव्हतं हो. पण मी तुमच्याकडं बघितलं ना मधे एकदा? तुम्ही अगदी शांत उभ्या होता. म्हटलं, ताई उभ्या आहेत ना तिथं, काही असतं तर बोलल्या असत्या. म्हणून मी मागं वाकून बघितलंच नाही."

त्या हे माझी समजूत घालायला म्हणत होत्या. मला बरं वाटावं म्हणून.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"पातं उंबऱ्यावर टेकलेलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, त्याच्या आधीच दिसलं होतं."

मग, मला आजही आठवतं, त्यांनीच मला वाट काढून दिली.

"तुमचा नियम होता ना पण," त्या हळूच म्हणाल्या. "पलीकडं हाक मारायची नाही. एवढ्या वर्षांचं व्रत ते, मोडायला मनाची तयारी व्हायला वेळ लागणारच. मी काय समजत नाही?"

'हो' म्हणायचं होतं मला फक्त. एक अक्षर. पुढं कुणी काही विचारलं नसतं. सन्मतीच्या घरातली ती कपाटाएवढी खोली माझी झाली असती, आणि बाळाला पहिली आंघोळ मी घातली असती.

"सन्मती पलीकडं होता," मी म्हटलं. "तुम्ही नव्हता. बोट मागं सरकली तेव्हा तुम्ही रेघेच्या अलीकडं आला होता, माझ्या हद्दीत. वाकून हात लांब केला असता तर तुमच्या खांद्याला लागला असता. तुमच्याशी बोलायला नियम आडवा येत नव्हता, विहीणबाई. नेहमीच्या आवाजात सांगितलं असतं तरी तुम्हाला ऐकू गेलं असतं. बोट पुढं घ्या, एवढंच म्हणायचं होतं."

त्यांच्या हातातलं गवत खाली पडलं.

"मग का नाही बोललात?"

"मला वाटलं, एकदा चुकू दे. सन्मतीला दिसू दे, तुम्हीही चुकता ते."

"बोट बुडते हे त्यानं सांगितलं होतं. आपल्या दोघींना."

"हो."

"आणि प्रणिता आत होती."

"ती दुकानात गेली असं मला वाटलं होतं."

"म्हणजे मी एकटीच आहे असं वाटलं होतं."

मी मान डोलावली. कालव्यातून एक बदक पिलांना घेऊन चाललं होतं. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो, कारण एकमेकींकडं बघता येत नव्हतं. पलीकडच्या काठानं कुणी तरी सायकलवरून गेलं आणि सवयीनं विहीणबाईंना हात केला. त्यांनी केला नाही.

"तुम्हीच राहा बाळंतपणाला," मी म्हटलं.

"राहीनच," त्या म्हणाल्या. "आता राहीनच मी."

त्या उठल्या, साडीचं गवत झटकलं आणि पायऱ्या उतरून बोटीत गेल्या. आत फुटलेल्या काचा गोळा करत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

संध्याकाळी मुलं परत आली. मी सन्मतीला सांगितलं, चातुर्मास मला गावीच करायचा आहे, आमच्या बसदीत, देवळात, साध्वी माताजी येणार आहेत, मी जाईन. त्याला काही कळेना. त्यानं विहीणबाईंकडं बघितलं.

"ताईंचा निश्चय झालाय," त्या म्हणाल्या. "आग्रह करू नको." आणि प्रणिताच्या कोपराला मलम लावायला वाकल्या. त्याहून जास्त त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

सन्मतीला मात्र ते लागलं. आईनं नातवंडापेक्षा चातुर्मास धरला, असं तो धरून बसला. अजूनही रागाच्या भरात कधी तरी बोलून दाखवतो. मी ऐकून घेते. तो मला जे समजतो त्यापेक्षा खरं वाईट आहे, आणि ते मला ठाऊक आहे.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी झाली. तिचं न्हाऊमाखू, तिची पहिली आजारपणं, सगळं विहीणबाईंच्या हातून झालं. फोटो पाहून हेवा वाटला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. वाटायचा. अजूनही वाटतो. आता तो वाटला की मी लगेच ओळखते, एवढंच.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा सगळे सांगलीला आले. विहीणबाईही आल्या. आमचं बोलणं नेहमीचंच, गोडीगुलाबीचं. येताना त्यांनी माझ्यासाठी आमसुलं आणि सोललेले काजू आणले होते. दुपारी त्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून नातीसाठी शिरा परतत होत्या. दारात मी. मला मागच्या फळीवरचा वेलदोड्याचा डबा हवा होता, म्हणून मी आत गेले आणि त्यांच्या पाठीमागून फळीकडं निघाले.

त्यांचा हात थांबला. परतणं तसंच टाकून त्या बाजूला झाल्या, भिंतीला पाठ लावली आणि हसून म्हणाल्या, "या ना ताई, तुम्ही पुढून जा."

मी पुढून गेले. डबा घेतला. मी दारापर्यंत परत येईतो त्या तशाच, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि कढईत शिरा खाली लागत होता.